मुक्कामी एसटी सुटल्यानंतर आलेलं परिपत्रक

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने जुलैमधल्या अतिवृष्टीच्या एका सोमवारी, सकाळी पावणेनऊ वाजता त्या दिवशीच्या सगळ्या लेखी परीक्षा पुढे ढकलल्या. परीक्षा ढकलायलाच हवी होती, याबद्दल नंतर कुणी वाद घातला नाही. वाद झाला तो वेळेवरून. पहिला पेपर साडेदहाचा होता आणि खेड्यांतून येणारी मुलं तोवर तीन तास रस्त्यावर होती. ज्या एसटीने ती आली तिला परत जायला वाट उरली नव्हती.

पुढे विद्यापीठाने एक छोटी पाहणी समिती नेमली. मी तिच्यात होतो. त्याआधी बरीच वर्षं महाविद्यालयात चीफ कंडक्टर, म्हणजे परीक्षा केंद्राचा प्रमुख, म्हणून परीक्षा घेतल्या असल्यामुळे केंद्रावरच्या माणसाची बाजू मला ठाऊक होती. विद्यापीठाची बाजू या कामात कळली. विद्यापीठाचं आणि जिल्ह्यांचं नाव इथे दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

विद्यापीठाला तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं संलग्न आहेत. एक जिल्हा बहुतांशी शहरी, एक खाडीकाठचा, एक घाटाच्या पायथ्याचा. मुख्य परिसर शहरात, टेकडीवर आहे. तिथे पाणी तुंबत नाही. ही गोष्ट साधी वाटते, पण निर्णय घेणारी सगळी माणसं या टेकडीवर किंवा तिच्या आसपास राहतात. खिडकीतून त्यांना दिसतो तो नुसता पाऊस. पूर त्यांना फोनवरून कळतो.

उन्हाळी सत्राच्या परीक्षा इथे पूर्वी एप्रिल-मेमध्ये आटोपत. कोविडनंतर प्रवेश लांबले, सत्रं सरकली आणि एटीकेटीचे (मागच्या सत्रांत राहिलेल्या विषयांचे) व पदव्युत्तर वर्गांचे पेपर ऐन जुलैत येऊ लागले. वेळापत्रक करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांच्यापुढे निकालाची मुदत होती आणि पुढच्या वर्गाचे प्रवेश होते.

प्रश्नपत्रिका आता गठ्ठ्यांतून येत नाहीत. पेपरच्या साधारण तासभर आधी त्या ऑनलाइन येतात, केंद्रावर पासवर्ड टाकून उघडतात आणि तिथेच छापल्या जातात. यामुळे पेपरफुटीचा एक जुना मार्ग बंद झाला, पण केंद्रावर त्या तासात वीज, इंटरनेट आणि चालू प्रिंटर असणं अत्यावश्यक झालं. दुसरं असं की एका जरी केंद्राने पेपर उघडला आणि मग परीक्षा थांबली, तरी तो संच सगळ्यांसाठी बाद होतो. म्हणून परीक्षा थांबवायची तर ती पेपर सोडण्याच्या आत थांबवावी लागते. परीक्षा विभागाच्या डोक्यात त्या सकाळी हेच घड्याळ चालू होतं: साडेनऊच्या आत.

अधिकार कुणाचे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार आणीबाणीच्या प्रसंगी कुलगुरू तात्काळ कारवाई करू शकतात आणि नंतर ती संबंधित प्राधिकरणाला कळवतात. परीक्षांचं रोजचं काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक पाहतात. दुसरीकडे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि शाळा-महाविद्यालयांना सुट्टी तेच जाहीर करतात. म्हणजे तीन जिल्हे, तीन जिल्हाधिकारी, तीन आदेश, आणि परीक्षा मात्र एकच.

हवामान विभागाच्या रंगांबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्याभोवती फिरतो. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी पाऊस म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. लाल रंगाचा अर्थ ‘कृती करा’, नारिंगीचा अर्थ ‘तयारीत राहा’. इशारा जिल्ह्याला दिला जातो, पाऊस मात्र जिल्ह्याची हद्द पाहून पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी नोंदला गेला होता. आणि मोजणीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. रात्रभर किती पडला याचा पक्का आकडा हातात येतो, तेव्हा मुलं परीक्षा केंद्राच्या वाटेवर असतात.

रविवारची संध्याकाळ

रविवारी दुपारी घाटाच्या पायथ्याच्या जिल्ह्याला रेड अलर्ट आला, उरलेल्या दोघांना ऑरेंज. संध्याकाळी संचालक, कुलसचिव आणि एक अधिष्ठाता फोनवर बोलले. कुलगुरू बैठकीसाठी बाहेरगावी होते, त्यांनाही कळवलं गेलं. संचालकांचं म्हणणं त्यांनी समितीपुढे जसंच्या तसं मांडलं: अलर्टवर पेपर ढकलायचं ठरवलं तर जुलैत एकही पेपर होणार नाही. आदल्या वर्षी असंच एकदा रेड अलर्टला घाबरून परीक्षा ढकलली होती, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली होती. ‘सकाळी परिस्थिती पाहू’ असं ठरलं.

सकाळी म्हणजे किती वाजता, हे कुणी विचारलं नाही. कुणाच्या सकाळी, हे तर नाहीच.

रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर एक परिपत्रक फिरू लागलं: सोमवारच्या सर्व परीक्षा रद्द. ते खरं होतं, पण आदल्या वर्षीचं. लेटरहेड तेच, सही तीच, वारही सोमवारच. तारखेवर कुणीतरी अंगठा ठेवून फोटो काढला होता. विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाने तत्परतेने दहा वाजता खुलासा पाठवला: परीक्षा ठरलेल्या वेळापत्रकानुसारच होतील, विद्यार्थ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

हा खुलासा मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो निर्णय आहे याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. खोटं परिपत्रक खोटं आहे, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी परीक्षा होणारच, अशी हमी दिली गेली, आणि ती ज्यांच्या हातात परीक्षा नव्हती त्यांनी दिली. संचालकांना तो खुलासा सकाळी दिसला. ज्या मुलांनी रात्री ‘बघू, उद्या रद्दच होईल’ म्हणून बॅग भरली नव्हती, त्यांनी तो वाचून गजर लावला. समितीपुढे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये त्याचा स्क्रीनशॉट होता.

पहाट

घाटाकडच्या दोन तालुक्यांत बऱ्याच गावांना दिवसातून दोन-तीनच एसटी येतात. रात्री गावात मुक्कामाला राहिलेली गाडी पहाटे साडेपाच-सहाला तालुक्याला निघते. ती चुकली तर पुढची दुपारी. तालुक्याच्या महाविद्यालयात साडेदहाचा पेपर असलेल्या मुलामुलींना याच मुक्कामी गाडीने यावं लागतं, मग पाऊस असो वा नसो. वाटेत ओढ्यांवर फरश्या आहेत, म्हणजे ठेंगणे पूल, ज्यांच्यावरून पाणी गेलं की वाहतूक थांबते. त्या सोमवारी गाड्या सुटल्या तेव्हा फरश्या कोरड्या होत्या. सातनंतर त्या एकेक करून पाण्याखाली गेल्या.

साडेसहाला घाटाच्या जिल्ह्यात ‘सर्व शाळा व महाविद्यालयांना’ सुट्टी जाहीर झाली. खाडीकाठच्या जिल्ह्याचा आदेश सव्वासातला आला, पण तो बारावीपर्यंतच्या शाळांपुरता. शहरी जिल्ह्यात सुट्टीच नव्हती. आता महाविद्यालयाला सुट्टी म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेलाही सुट्टी का? आदेशात तसं नव्हतं. एका प्राचार्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात फोन केला, तिथून ‘परीक्षेचं विद्यापीठ ठरवेल’ असं उत्तर मिळालं. विद्यापीठात फोन केला, तर ‘लेखी आदेश पाठवा, वर कळवतो’. दोन्ही उत्तरं नियमाला धरून होती.

सात ते पावणेनऊ या वेळात विद्यापीठाकडे आलेले निरोप आम्ही क्रमाने लावून पाहिले. पहिले फोन शिपाई आणि ज्युनिअर सुपरवायझर (वर्गावरचे पर्यवेक्षक) यांचे होते: सर, आम्ही पलीकडे अडकलोय. मग चीफ कंडक्टरचे. आठनंतर एका तालुक्याच्या गावात महावितरणचा फीडर बंद पडला. महाविद्यालयात जनरेटर होता, पण डिझेल आदल्या आठवड्यात संपलेलं. म्हणजे पेपर आला असता तरी छापता आला नसता. या निरोपामुळे परीक्षा विभाग हलला. मुलं पोचतील की नाही यापेक्षा पेपर छापला जाईल की नाही हा प्रश्न त्यांना जास्त ओळखीचा होता, आणि यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. माणूस आपल्या टेबलावरचा धोका आधी पाहतो.

समोर असलेले पर्याय

पावणेनऊच्या आधीच्या अर्ध्या तासात फोनवर चार-पाच पर्याय बोलले गेले. त्यांचं टिपण कुणीच ठेवलं नव्हतं. सहभागी लोकांच्या आठवणींवरून आम्ही ते जुळवले.

परीक्षा ठरल्याप्रमाणे घ्यायची आणि न पोचलेल्यांना नंतर संधी द्यायची, हा पहिला. शहरातली बरीच केंद्रं पूर्ण भरली असती. पण न पोचणं सिद्ध कुणी आणि कसं करायचं? एसटीचं तिकीट दाखवून? गाडीत बसलाच नाही, त्याने काय दाखवायचं? हा पर्याय लगेच बाजूला पडला आणि ते योग्यच झालं.

दुसरा, पेपर दोन तास उशिरा सुरू करणं. शहरात पाणी तुंबतं तेव्हा हा उपाय चालतो, कारण ओहोटी लागली की पाणी उतरतं. घाटाच्या पायथ्याला वरचा पाऊस दुपारपर्यंत खाली येत राहतो. शिवाय दुपारच्या सत्राचा पेपर अडीचला होता, आणि दोन्ही सत्रांसाठी बाक तेच.

तिसरा, जिल्ह्यापुरती परीक्षा ढकलणं. प्रत्येक विषयाचे एकाहून अधिक संच तयार असतात, तेव्हा शहरात आज एक संच आणि घाटाकडे नंतर दुसरा, असं करता येतं. संचालकांची हरकत अशी की दोन संचांची काठिण्यपातळी सारखी निघत नाही. एका जिल्ह्याचा निकाल जास्त लागला की कोर्टकचेरी ठरलेली. हरकत खरी आहे. पण हा पर्याय पावणेनऊला विचारात घेण्यासारखा उरलाच नव्हता, कारण केंद्रांची जिल्हावार यादी आणि पेपर पाठवण्याची प्रणाली एकमेकांना जोडलेली नव्हती. एका जिल्ह्याला वगळून पेपर सोडायचा तर केंद्रांच्या नावांवर एकेक करून खूण करावी लागली असती.

विद्यार्थी जिथे असेल तिथल्या जवळच्या केंद्रावर त्याला बसू द्यावं, असं एका अधिष्ठात्यांनी सुचवलं. कल्पना चांगली होती. पण उत्तरपत्रिकांचे बारकोड, हजेरीपट, विषयांची जुळणी यांतलं काहीच त्यासाठी तयार नव्हतं.

उरला शेवटचा पर्याय: सगळीकडे, सगळं पुढे.

निर्णय आणि परिपत्रक

कुलगुरूंनी फोनवर मान्यता दिली आणि पावणेनऊला परिपत्रक निघालं. चार ओळींचं होतं. ‘अतिवृष्टीमुळे आज होणाऱ्या विद्यापीठाच्या सर्व परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहेत. सुधारित तारीख यथावकाश कळवण्यात येईल.’ खाली आणखी एक वाक्य होतं: ‘विद्यापीठ परिसर आज बंद राहील.’

आधी पोचण्याचा प्रश्न. परिपत्रक छापून, सही करून, स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलं गेलं. एकाच वेळी सगळे विद्यार्थी तिथे आले आणि संकेतस्थळ बसलं. मग त्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरले, आदल्या रात्रीच्या खोट्या परिपत्रकासारखेच दिसणारे. रात्री ‘विश्वास ठेवू नका’ असं सांगितलेल्या मुलांनी सकाळी त्यावर विश्वास ठेवला नाही. कितीतरी जण साडेदहाला केंद्राच्या दारात उभे होते, खात्री करायला.

मग ‘सर्व परीक्षा’ या शब्दांचा. अडीचचा पेपर त्यात आला का? आला, पण दोन महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा मात्र घेतल्या, कारण त्या ‘महाविद्यालयाच्या’ आहेत असं त्यांना वाटलं. एका विभागात पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा होती. बाहेरच्या राज्यातले परीक्षक रात्रभराचा रेल्वे प्रवास करून विश्रामगृहात येऊन थांबलेले, उमेदवार परिसरातच, मार्गदर्शक दोन इमारतींपलीकडे. कुणालाही कुठेही जायचं नव्हतं आणि तरी परीक्षा घेता येईना. दुपारपर्यंत फोनाफोनी करून ती विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात झाली. ऐकायला येणाऱ्यांसाठी ऑनलाइन दुवा दिला. त्या उमेदवाराचं पुढे काही अडलं नाही, पण तीन अधिकाऱ्यांचा अख्खा दिवस त्यात गेला.

‘परिसर बंद’ म्हणजे काय

परीक्षांची चर्चा सगळ्यांनी केली. माझ्या मते समितीच्या अहवालातला जास्त उपयोगी भाग परिसराबद्दलचा होता, आणि तो सर्वांत कमी वाचला गेला.

विद्यापीठ बंद होतच नाही. वसतिगृहात शेकडो मुलं राहतात, त्यांना नाश्ता लागतो, पाणी लागतं. प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचे फ्रीझर चालू असतात. सर्व्हर चालू असतो. त्या सोमवारी परिपत्रकातल्या त्या एका वाक्याचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावला.

मेसच्या बहुतेक स्वयंपाकिणी टेकडीखालच्या वस्तीतून येतात. वस्तीत पाणी शिरलेलं, त्यातून ‘बंद’चा निरोप, कुणी आलं नाही. मेस चालवणाऱ्या मावशी परिसरातच राहतात. त्यांनी वसतिगृहातल्या पाच-सहा मुलांना हाताशी घेऊन पोहे केले, दुपारी डाळ-भात. कुणाच्याही योजनेत हे नव्हतं. रेक्टरांनी अहवालात ‘मेस सेवा सुरळीत राहिली’ असं लिहिलं होतं. ते वाक्य आम्ही बदलायला लावलं.

पाण्याचा प्रकार आणखी विचित्र. पंपहाऊस टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथे पाणी भरलं, मोटर बंद करावी लागली आणि आभाळातून धो धो कोसळत असताना संध्याकाळी वसतिगृहाच्या टाक्या कोरड्या पडल्या. टँकर रात्री आला. तोवर मुलांनी पन्हाळींखाली बादल्या लावल्या होत्या.

सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. जनरेटर चालू झाला, पण जीवशास्त्राच्या इमारतीचा स्विच आपोआप जनरेटरवर पडायला हवा होता, तो पडला नाही. एका संशोधक विद्यार्थ्याला फ्रीझरची धास्ती वाटली, म्हणून तो वसतिगृहातून पावसात धावत आला. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने त्याला आत सोडलं नाही: साहेबांचा निरोप आहे, विद्यापीठ बंद आहे. रक्षकाचं काय चुकलं? त्याच्याकडे आत कुणाला सोडायचं याची यादीच नव्हती. विभागप्रमुखांचा फोन लागेपर्यंत तासभर गेला. दार न उघडलेला उणे ८० चा फ्रीझर काही तास थंडी धरून ठेवतो, म्हणून नमुने वाचले.

तो रक्षक आदल्या रात्रीपासून ड्यूटीवर होता. त्याला सोडवणारा पाण्यामुळे पोचला नाही, म्हणून त्याने सलग दुसरी पाळी केली.

केंद्रांवर अडकलेली मुलं

घाटाकडच्या एका तालुक्यात दोन महाविद्यालयं आहेत, दोन्ही परीक्षा केंद्रं. एका प्राचार्यांनी जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश आणि विद्यापीठाचं परिपत्रक, दोन्ही फाटकावर चिकटवून महाविद्यालय बंद केलं. आदेशाचं पालनच ते. मुलं स्टँडवर गेली. स्टँडवर गाड्या उभ्या होत्या, सुटत नव्हत्या. मुलींनी दुपारपर्यंत तिथेच बसून काढलं. स्वच्छतागृहाची अवस्था काय होती ते एका विद्यार्थिनीने समितीला सांगितलं, इथे लिहीत नाही.

दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्या स्वतः शहरातच अडकल्या होत्या. त्यांनी फोनवरून शिपायाला सांगितलं, हॉल उघड, कुणालाही घालवू नकोस. जिमखान्यातल्या सतरंज्या काढल्या, कॅन्टीनमध्ये खिचडी शिजली, प्रत्येकाच्या घरी फोन गेला. चार वाजता एक फरशी उघडली तेव्हा त्या वाटेची मुलं निघाली. नदीपलीकडची काही मुलं गावातल्या मैत्रिणींकडे, नातेवाइकांकडे राहिली. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे त्या मॅडमनी नंतर विद्यापीठाला विचारलं. उत्तर यायला दोन महिने लागले.

परिणाम

जीवितहानी झाली नाही. पेपर फुटला नाही. पहिली सुधारित तारीख जाहीर झाली, ती एका स्पर्धा परीक्षेच्या दिवशी आली, मग पुन्हा बदलली. निकाल त्यामुळे मागे गेला आणि ज्यांना पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी होती त्यांची महिनाभर धावपळ झाली. नव्या तारखेला हजेरी नेहमीसारखी होती.

कायम कर्मचाऱ्यांना त्या दिवसाची विशेष रजा मिळाली. सफाई आणि सुरक्षा एजन्सीमार्फत आहे. त्या कामगारांपैकी जे पोचले नाहीत त्यांचा रोज कापला गेला. बंद विद्यापीठाने केलं, पगार मात्र त्यांचा गेला. ही बाब समितीच्या कार्यकक्षेत येत नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं. आम्ही ती तरीही लिहिली.

वेगळं काय करता आलं असतं

समितीत यावर एकमत झालं नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

माझं मत असं: निर्णयाची वेळ पेपर सुटण्याच्या वेळेवरून मोजली गेली, ती सर्वांत लांबच्या विद्यार्थ्याच्या घरून निघण्याच्या वेळेवरून मोजायला हवी होती. म्हणजे आदल्या रात्री आठ. तेव्हा माहिती अपुरी असते हे मान्य. पण रविवारी रात्री आठला घाटाच्या जिल्ह्यासाठी रेड अलर्ट हातात होता, आणि त्या भागात रस्ते कसे बंद होतात हे दर पावसाळ्यात दिसतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण एका रात्रीत पाण्याखाली गेल्यावर, किंवा २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकल्यावर, ‘सकाळी पाहू’ म्हणण्याची जोखीम कुणाला समजावून सांगायची गरज उरू नये.

संचालकांचं उत्तर: रात्री ढकलली आणि ऊन पडलं तर? तर एक पेपर वाया जातो, टिंगल होते, वेळापत्रक हलतं. हे नुकसान विद्यापीठाचं. सकाळी पावणेनऊला ढकलली तर नुकसान साडेपाचला निघालेल्या मुलीचं. दोन्ही नुकसानं खरी आहेत, पण पहिलं सोसण्याची ताकद कुणात आहे हे उघड आहे. तरी संचालकांच्या मुद्द्यात एक गोष्ट आहे जी मला खोडता आली नाही: ऊन पडलेल्या दिवशी पेपर ढकलल्याची सवय लागली, तर विद्यार्थी प्रत्येक ऑरेंज अलर्टला रद्दची वाट पाहत बसतील आणि अभ्यासही करणार नाहीत. म्हणून रात्रीचा निर्णय फक्त रेड अलर्टच्या जिल्ह्यापुरता आणि दुसऱ्या संचासह, असा माझा आग्रह होता. त्यासाठी केंद्रांची जिल्हावार विभागणी प्रणालीत आधीच असायला हवी; पावसात ती करता येत नाही.

रात्रीची वेळ चुकलीच, तर पहाटे पाचला दुसरी बैठक. आणि तीही चुकली, तर मग परीक्षा ढकलली तरी केंद्र उघडं ठेवायचं, शेवटचं मूल सुखरूप निघेपर्यंत. हे परिपत्रकातलं एक वाक्य आहे. त्याने त्या दिवशी स्टँडवरच्या मुलींचे पाच-सहा तास वाचले असते.

समितीतल्या दोन सदस्यांचा भर एसएमएसवर होता: प्रत्येक विद्यार्थ्याला थेट संदेश जावा. जावा, हरकत नाही. पण रविवारी रात्रीचा खुलासा अगदी थेट आणि वेळेवर पोचला होता. पोचण्याची अडचण नव्हती. जे ठरलंच नव्हतं ते पोचलं होतं. जनसंपर्क विभागाने ‘हे परिपत्रक मागच्या वर्षीचं आहे, उद्याच्या परीक्षेबद्दल अमुक वाजता कळवू’ एवढंच लिहिलं असतं तर बरंच काही टळलं असतं. अर्थात त्यासाठी ‘अमुक वाजता’ आधी ठरलेलं असावं लागतं.

आणि ‘परिसर बंद’ हे शब्द वापरूच नयेत, असं मी सुचवलं. वर्ग बंद, परीक्षा पुढे, कार्यालयं बंद. वसतिगृह, मेस, पाणी, वीज, सर्व्हर, सुरक्षा आणि अमुक प्रयोगशाळा चालू, आणि तिथे येणाऱ्यांची यादी फाटकावर. लांबलचक होतं, पण फाटकावर उभ्या माणसाला काय करायचं ते कळतं.

त्यानंतरचा पावसाळा

पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात शेवटी दोन राखीव दिवस छापले गेले; परीक्षा ढकलली तर तारीख शोधत बसावं लागू नये म्हणून. परिपत्रकांवर क्यूआर कोड आला. जनसंपर्क विभागाचा परीक्षेसंबंधीचा कोणताही खुलासा संचालकांच्या संमतीशिवाय जात नाही. पंपहाऊसची मोटर उंच चौथऱ्यावर बसवली आहे. जिल्हावार संचाचा प्रस्ताव परीक्षा मंडळापुढे आहे.

जुलैत एकदा आदल्या रात्री आठला निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी तीनपैकी दोन जिल्ह्यांत फारसा पाऊस पडला नाही, आणि वर्तमानपत्रांत जे यायचं ते आलं. संचालकांनी ते कात्रण समितीच्या ग्रुपवर टाकलं. खाली काही लिहिलं नाही. राखीव दिवशी पेपर झाला, निकाल वेळेत लागला.

सुरक्षा आणि सफाईच्या कंत्राटाचं नूतनीकरणही याच काळात झालं. विद्यापीठाने बंद जाहीर केलेल्या दिवसाचा रोज देण्याचं कलम त्यात घातलेलं नाही.